नेहमीचं ठिकाण

गाडी अजून सोसायटीच्या गेटाबाहेरही पडली नव्हती. स्टिअरिंगवर माझे यजमान अजिनाथ, शेजारी त्यांचे थोरले बंधू कडुबा भाऊजी, डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी, आणि मागच्या सीटवर मी, मांडीवर भाऊजींच्या औषधांची पिशवी. त्यांना सोयगावला घरी सोडून संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं. अजिनाथांनी खिशातला फोन काढून समोरच्या कप्प्यात ठेवला, गाडीनं तो ओळखला, स्क्रीन उजळली, आणि ह्यांचं बोट सोयगाव लिहायला पुढं जाणार तोच स्क्रीनवर आपणहून एक ओळ आली. लासूर स्टेशन. नेहमीचं ठिकाण. चार्ज पुरेसा आहे. खाली नकाशावर निळी रेघ, छावणीवरून पडेगाव, मिटमिटा करत पश्चिमेला गेलेली, आणि टोकाशी एक लाल टिंब. मी शाळेत चित्रकला शिकवते, आयुष्यभर पोरांना सांगत आले की निळा हा शांत रंग. त्या निळ्यावरून नजर काढून मी खिडकीबाहेर बघितलं.

"ला-सूर टेशन," भाऊजींनी उघड्या डोळ्यानं वाचलं. त्यांची चौथीपर्यंतची शाळा त्यांना बरोबर नको तिथं उपयोगी पडते. "लासूरला कोण हाय रं आपलं?"

"कोणी नाय," अजिनाथ म्हणाले. "कंपनीचं काम असतंय. माल देणारा हाय एक तिथं." आणि त्यांनी ती ओळ बोटानं बाजूला सारली, ताटातला खडा बाजूला सारावा तशी, आणि सोयगाव लिहिलं.

बाहेर रविवारची सकाळ होती, दूधवाला गेटाशी कोणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि मी औषधांच्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं करून घेतलं होतं. अजिनाथांच्या कंपनीत लासूरहून काहीही येत नाही. वाळूजला इतकी वर्षं ते माल तपासायचं काम करतात, कुठला माल कुठून येतो ह्याची गाऱ्हाणी मी रोज जेवताना ऐकते. म्हणजे ते खोटं बोलले. आरामात, मागं न बघता, जणू हे उत्तर आधीपासून तयार होतं. लासूर स्टेशनला आमची मुलगी राहते, आणि ते ह्या गाडीत बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं. निदान त्या सकाळपर्यंत माझा तसा समज होता.

प्रांजलीनं दोन वर्षांपूर्वी धम्मपालशी लग्न केलं. नोंदणी पद्धतीनं, आम्हाला न सांगता. मुलगा चांगला, औषधाचं दुकान चालवणारा, बोलायला मऊ. पण तो बौद्ध आणि आम्ही धनगर, आणि आमच्या भावकीत एवढं वाक्य पुरतं, पुढचं कोणी ऐकून घेत नाही. त्या दिवशी कडुबा भाऊजी गावाहून पहिल्या एसटीनं आले, आमच्या सोफ्यावर बसले, चहाला हात लावला नाही. "कुठं ऱ्हाती ती एकदा कळू दे फक्त," ते म्हणाले. "फुडचं आमी बगून घिऊ." आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. मी अजिनाथांकडं बघितलं. ते सोफ्याच्या हातावर ठेवलेल्या घोंगडीतून एक काळा धागा ओढून काढत होते, अगदी मन लावून. तो धागा पूर्ण निघाला, त्यांनी तो बोटावर गुंडाळला, आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतरही नाहीत. घरातून पोरीचे फोटो कोणी काढले नाहीत आणि तिचं नावही कोणी काढलं नाही. मी त्यांना त्या मुकेपणाबद्दल कधीच माफ केलं नाही, हे स्पष्ट सांगते. माणूस ओरडला तर निदान कुठं उभा आहे ते कळतं. गप्प माणसाच्या बाबतीत आपण रोज नवा अंदाज बांधायचा, आणि रोज तो वाईटच निघणार असं धरून चालायचं.

सिल्लोडच्या अलीकडं गाडीनं सांगितलं की पुढं चार्जिंग आहे, थांबा, नाहीतर परतीला पुरणार नाही. एका हॉटेलाच्या आवारात थांबलो. अजिनाथांनी वायर लावली. भाऊजी खाटेवर बसून चार्जरच्या स्क्रीनवरचा हिरवा पट्टा भरताना बघत होते, आणि त्यांचा चेहरा इतका निवळला होता की मला त्यांचा राग धरून ठेवायला कष्ट पडले. "हे तं मेंढरावानीच हाय की," ते म्हणाले. "पानी कुठं हाय ते आदी बगायचं, मंग वाट धरायची. वाट आपली नस्ती, पान्याची अस्ती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तोंड का उतरलं तुजं? लागती का गाडी?" मी म्हटलं, हो, लागते. चहा पिताना माझं सगळं लक्ष अजिनाथांच्या फोनकडं होतं. तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता. पूर्वी ते फोन पालथा ठेवत नसत. की ठेवत असत आणि मी बघितलं नव्हतं? संशयाची एक मोठी सोय असते, तो मागच्या सगळ्या दिवसांना लागू करता येतो.

माझे वडील मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर खाली उतरायचे तेव्हा मी लहान होते, आईच्या बरोबर घोड्यावरच्या बाजल्यात. एखाद्या गावचे लोक वाकडे असले, पिकात मेंढरू शिरलं म्हणून मागच्या साली भांडण झालेलं असलं, की तिथून उजाडायच्या आत निघून जायचं. निघताना वडील पुढच्या बकऱ्याच्या गळ्यातल्या घाटीत चिंधी कोंबायचे. घाटीचा आवाज बंद झाला की एवढा मोठा कळप मुक्यानं पुढं सरकायचा, फक्त खुरांची खसखस. उद्याचा तळ कुठं, हे ते कोणाला सांगायचे नाहीत. आईलासुद्धा नाही. कोणी निघताना कुठं निघालात म्हणून विचारलं तर आई वैतागायची, पाच मिनिटं थांबून मग निघायची. असल्या घरात वाढलेल्या बाईला अशी गाडी मिळाली की आत बसल्याबरोबर तीच विचारते, कुठे जायचे आहे. पहिल्या दिवशी शोरूमच्या पोरीनं मोठ्या हौसेनं ते दाखवलं होतं. फोन जोडा, गाडीला सगळं कळतं, तुमच्या सवयी ती शिकते. मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की माझ्या सवयी हिला शिकू द्यायच्या नाहीत.

गाडी दसऱ्याला आली. मला चालवता येत होतं, शनिवारी शाळा सकाळची असते, अजिनाथ त्या दिवशी कंपनीच्या बसनं जात. मी कलेचं साहित्य आणायला जाते असं सांगून दुपारी बाहेर पडायची. फोन घरी, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात, आवाज बंद करून. गाडी उघडायला पाकिटातलं कार्ड. स्क्रीननं कुठं जायचं विचारलं की मी उत्तर द्यायची नाही, रस्ता मला पाठ होता. येताना नगर नाक्याजवळच्या चार्जरवर थांबून जेवढा चार्ज गेला तेवढा परत भरायची, म्हणजे घरी आल्यावर आकडा सकाळसारखाच दिसायचा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं. वडिलांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती असंही कधी वाटायचं. लासूरच्या त्या गल्लीत माझी विहीण मनकर्णाबाई मला बघून दारातूनच म्हणायची, "या विहीणबाई, जय भीम," आणि मी आधी अडखळायची, मग मीही म्हणायला लागले. प्रांजलीला दिवस गेले ते मला तिथंच कळलं, दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या वासात. ती म्हणाली, "आई, तू फोन का ठेवत नाहीस जवळ? मला काही लागलं तर?" मी म्हटलं, मी येतेच आहे की दर शनिवारी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, एवढं मात्र मी बोलले नाही. तिलाही ते मनात आलं असणार, कारण तिनं उगाचच माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

आता त्या रविवारनंतर हे सगळं मी रोज उलगडून बघत होते. कार्ड वापरलं, फोन घरी ठेवला, ठिकाण कधी लिहिलं नाही, तरी गाडीला लासूर कळलं. म्हणजे तिच्या पोटात काहीतरी आहे जे माझ्या फोनवर अवलंबून नाही. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमना मी वळसे घेऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, ह्या गाड्यांमध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. मालकाच्या ॲपवर गाडी कुठंय ते दिसतंच." मी हसून हो का म्हटलं आणि वर्गावर गेले. सातवीची पोरं निसर्गचित्र काढत होती, सगळ्यांनी डोंगराच्या मधोमध एकच रस्ता काढला होता, आणि मला तो बघवेना. मालक म्हणजे अजिनाथ. ॲप त्यांच्या फोनवर. म्हणजे दसऱ्यापासून दर शनिवारी ते वाळूजच्या त्यांच्या टेबलाशी बसून एक टिंब बघत असणार, माझं टिंब, नगर नाका ओलांडून पुढं सरकलेलं, त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलेलं. मी नगर नाक्याला आकडा जुळवत होते तेसुद्धा त्यांनी बघितलं असणार. लाज आधी वाटली आणि भीती नंतर, हे मला स्वतःलाच विचित्र वाटलं.

पण मग बोलले का नाहीत? हाच किडा मला पोखरत होता. ज्याला राग आहे तो जाब विचारतो. ज्याला राग नाही तो म्हणतो, पोरगी कशी आहे. हे दोन्ही करत नाही तो माणूस कशाची तरी वाट बघतो. कशाची? बाळंतपणाची? बाळ झालं म्हणजे भाऊजींना सांगायचं असं ठरलं असेल का? भाऊजींसमोर त्यांनी लासूर लपवलं हे खरं, पण लपवलं ते पोरीसाठी की मी मागं बसले होते म्हणून? मी जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, "लासूरच्या त्या माणसाचं नाव काय हो, माल देणारा?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, "पाटील," म्हणाले, आणि पाणी प्यायले. इतकं पटकन आलेलं नाव खरं नसतं. रात्री ते शेजारी शांत झोपलेले, श्वास एका लयीत, आणि मला वाटत होतं की ह्या माणसाच्या घाटीतसुद्धा कोणीतरी चिंधी कोंबली आहे.

मी शनिवारी जाणं बंद केलं. तो शनिवार आला तेव्हा अजिनाथांनी आपणहून विचारलं, "आज गाडी लागंल का तुला?" मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळीच त्यांनी गाडी पूर्ण चार्ज करून ठेवली, किल्लीचं कार्ड माझ्या पर्सजवळ आणून ठेवलं आणि म्हणाले, "कागद, रंग आणायचे नाहीत का शाळेचे? संपले असतील." मी त्या कार्डाकडं बघत राहिले. सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा ठेवतात तो असाच ठेवतात, अगदी हाताशी. "संपले नाहीत," मी म्हटलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. "बरं नाय का तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरं आहे, माझी एवढी चौकशी नको. ते उठून गॅलरीत गेले, बराच वेळ फोनवर काहीतरी लिहीत होते, आणि मी आत भांडी घासताना नळ बारीक करून कान देत होते. लिहिण्याचा आवाज येत नाही, हे माहीत असूनही.

प्रांजलीला मी स्टाफरूममधून मॅडमच्या फोनवरून फोन केला. म्हटलं, थोडे दिवस येत नाही, कारण विचारू नको. तू पण एक कर, धम्मपालची बहीण आहे ना जालन्याला, रूपा, तिच्याकडं जाऊन राहा बाळंत होईपर्यंत. ती हसलीच. "नववा लागला आई मला. ह्या वेळी मी जालन्याला कुठं जाऊ? आणि का?" मी आवाज खाली घेऊन म्हटलं, तुझ्या बाबांना पत्ता कळला असावा असं वाटतंय. मग ती म्हणाली, "आई, बाबा..." आणि थांबली. "बाबांचं काय?" "काही नाही. तू ये ना. तू आलीस की बोलू." मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की ती घाबरली नव्हती. पत्ता कळला म्हटल्यावर तिचा आवाज चिरकायला हवा होता. तो अवघडलेला होता, एखादी गोष्ट तोंडात धरून ठेवल्यासारखा. तिला कोणी बजावलं होतं का? फोनजवळ त्या वेळी कोणी उभं होतं का? पोटच्या पोरीच्या आवाजावर मी संशय घेत होते. घेतला, आणि सोडवेना.

त्यानंतरच्या शनिवारी मी ठरवलं की तिला तिथून हलवायचंच. शाळेत रजा टाकली. अजिनाथांची पहिली पाळी होती, ते गाडी घेऊन उजाडताच वाळूजला गेले, कारण मी गाडी नको म्हणून सांगितलं होतं. मी फोन तांदळात पुरला, रिक्षा करून स्टेशनवर आले आणि पॅसेंजरचं तिकीट काढलं. पॅसेंजर उशिरा होती. मी फलाटाच्या टोकाला जाऊन बसले, जिथं सहसा कोणी बसत नाही. किती दिवसांनी मी अशी होते की कोणालाच मी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, खरंच. कोणाच्या स्क्रीनवर माझं टिंब नव्हतं. गाडी आली, दौलताबादला बराच वेळ थांबली, किल्ल्याचा डोंगर खिडकीत तसाच उभा राहिला, पोटूळला पुन्हा थांबली. समोरच्या बाकावर एक बाई शेंगा सोलत होती, तिनं विचारलं, "कुठं उतरायचं तुमाला?" मी उत्तर दिलं नाही, खिडकीतून बघत राहिले. ती बिचारी ओशाळली. मी मनात वाक्यं जुळवत होते. प्रांजली, वाद घालू नको, आत्ताच्या आत्ता बॅग भर. मनकर्णाबाई, मला तुमचा अपमान करायचा नाही, पण आमच्या लोकांना तुम्ही ओळखत नाही.

लासूरला उतरून मी बाजार समितीच्या मागच्या रस्त्यानं गेले. कांद्याच्या गाड्या उभ्या होत्या, रस्ताभर सालं उडत होती. दुकानाचं शटर खाली होतं. शनिवारी, भर दिवसा. घराला कुलूप. मी कुलूप हातात धरून बघितलं, जणू ते खोटं असेल. दार वाजवलं तेव्हा आतून एक फोन वाजल्याचा आवाज आला, वाजला आणि थांबला. शेजारच्या ओट्यावर सरूबाई म्हणून म्हातारी बसते, प्रांजली तिला गोळ्या नीट वाचून देते, ती मला ओळखत होती.

"न्हाईत कोणी घरी," ती म्हणाली. "सकाळीच नेली की तिला. तिचा बाप आल्ता ना, पांढरी गाडी घिऊन. आवाजच नाय त्या गाडीला, मला तं आली कवा ते कळलंबी नाय."

मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले. मला पुढचं काहीच ऐकू येईना, सरूबाईचं तोंड हलत होतं. नेली. माझ्या डोळ्यांपुढं सोयगावचा रस्ता आला, भाऊजींची खाट आली, त्यांचा उघडा डोळा. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते मी फलाटावर मोकळी होऊन बसले होते त्या वेळी घडलं होतं. आणि मीच दाखवलं होतं घर, दर शनिवारी, दारापर्यंत नेऊन. "कोण कोण होतं गाडीत?" मी विचारलं. "तुजी विहीण बी गेली, जावई बी गेला," सरूबाई म्हणाली. "पोरगी कन्हत होती लई." म्हणजे दुखायला लागलं होतं. की मारलं होतं? माझ्या डोक्यात हा दुसरा प्रश्न आला, लपवत नाही. मी सरूबाईचा फोन मागितला. त्यात मनकर्णाबाईचा नंबर होता, तो लावला तर कुलपाच्या आत वाजला. दुकानाच्या पाटीवरचा धम्मपालचा नंबर लावला, तो कोणी उचलेना. प्रांजलीचा नंबर मला पाठ नव्हता. तो तांदळाच्या डब्यात होता. सगळ्या जगात एकच नंबर मला तोंडपाठ होता, लग्नानंतर घरात पहिला मोबाइल आला तेव्हापासून न बदललेला. ज्याच्यापासून पोरीला वाचवायला मी आले होते त्यालाच विचारायचं होतं की पोरगी जिवंत आहे का.

पहिल्याच रिंगला उचलला. "कोण?" मला बोलता येईना. "रत्ना?" अजिनाथ म्हणाले, अनोळखी नंबर असूनही. "कुठं आहेस तू? शेजारच्यांना दार वाजवायला लावलं, शाळेत विचारलं. फोन लावून लावून हात दुखला."

"पोरीला काय केलंत?" मी म्हटलं.

मागं दवाखान्याचे आवाज होते, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. "काय केलं म्हंजे?" ते म्हणाले. "सिडकोत दवाखान्यात आणलं. रातभर कळा अंगावर काढल्या तिनं, सकाळी मला फोन केला. पाळी सोडून गेलो. आत्ता मोकळी झाली, अर्धा तास बी नाय झाला. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत." आणि मग, मला कधी ऐकल्याचं आठवत नाही अशा आवाजात, "लई केस आहेत गं डोक्यावर."

मी रडले नाही, रडायच्या ऐवजी भांडले. सरूबाईच्या ओट्यावर बसून, आजूबाजूच्या बायका दारात आलेल्या असताना. तुम्हाला घर कसं माहीत, म्हटलं. ते म्हणाले, "तू पहिल्यांदा गेलीस तवाच फोनवर दिसलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी गेलो. दोन-तीनदा नुसता गाडीत बसून परत आलो. मंग तिनंच काच वाजवली. तवापासनं जातो मी, मंगळवारी. तू शनिवारी, मी मंगळवारी." म्हणजे त्या रविवारी स्क्रीनवर आलं ते नेहमीचं ठिकाण त्यांच्या फोनचं होतं, त्यांच्या मंगळवारांचं. भाऊजींसमोर ते स्वतःला लपवत होते आणि मागच्या सीटवर मी समजत होते की माझी चोरी पकडली गेली. दोन वर्षं मी ज्या मुकेपणाला शिव्या घातल्या तो माणूस दसऱ्यापासून दर आठवड्याला माझ्या पोरीच्या हातचा चहा पीत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी हेवा वाटला, मग चीड.

"एका शब्दानं बोलला असतात तर?" मी म्हटलं. "मी दोन शनिवार गेले नाही. तुमच्या भीतीनं."

"बोललो असतो तर तू कायमचंच जायचं थांबवलं असतंस," ते म्हणाले. "मला कळलंय असं तुला नुसतं वाटलं तरी थांबलीस ना. पोरीला मीच म्हटलं होतं, आईला सांगू नको, तिला येऊ दे तिच्या तिच्यानं."

एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझ्याबद्दल बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं, आणि ते खरं होतं. सरूबाईनं कुठूनसं पाणी आणून माझ्या हातात दिलं. फोनच्या पलीकडं अजिनाथ कोणाला तरी म्हणाले, हो, आलो, आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागले, आता हळू.

"आत नेईपर्यंत एकच धरून बसली होती पोरगी," ते म्हणाले. "आई निघाली का, आई निघाली का. तुजा फोन तर लागंना. मी म्हटलं, निघालीय, रस्त्यातच आहे, हे काय मला दिसतंय ना फोनवर. मंग गेली बिचारी आत."

त्या वेळी मी फलाटाच्या टोकाला बसले होते, कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन.